एकवीरेच्या शेजारचं लाकूड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा करंज्याचा. उरणच्या टोकाला, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे बंदर. जुन्या दफ्तरात उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीची कोर्टकचेरी, बाजारहाट सगळं पनवेललाच असे. समोर खाडी आणि खाडीपलीकडे रेवस. माझे वडील होड्या बांधणारे सुतार. मी मात्र शिकलो, इंजिनियर झालो आणि उभी हयात इमारतींच्या तुळया-खांबांची गणितं करण्यात घालवली. आज मला बोलायचं आहे ते लाकडाबद्दल. घरातल्या खुर्ची-टेबलाच्या लाकडाबद्दल नाही, तर शाळा, सभागृह, बाजार, स्थानक अशा मोठ्या सार्वजनिक इमारतींना आधार देणाऱ्या लाकडाबद्दल.

आगरी-कोळ्यांचं कुलदैवत एकवीरा. चैत्रात आमच्याकडची माणसं कार्ल्याला जातात. मी सात-आठ वर्षांचा असेन. उरण, पनवेल, खोपोली असं करत, घाट चढून आम्ही कार्ल्याला पोचलो. देवीचं दर्शन झालं. देवीचं देऊळ आहे अगदी कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहाच्या तोंडाशी. दर्शन झालं की बहुतेक माणसं नारळ फोडून, फोटो काढून खाली उतरतात. वडील मात्र मला हाताला धरून लेण्यात घेऊन गेले. आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा वडिलांनी छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बघ बाला, ही तं उलटी होरी हाय."

खरोखरच तसं दिसतं. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच असं ते दालन. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि वर कमानदार छत. त्या छताला एकामागून एक अशा अर्धगोल फासळ्या लावलेल्या आहेत. होडीला आतून असतात तशाच. पाहणाऱ्याला वाटतं, त्याही दगडाच्याच असतील. पण त्या लाकडाच्या आहेत, सागाच्या. डोंगर कोरून झाल्यावर कारागिरांनी वर लाकडी फासळ्या बसवल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं हे लाकूड अजून तिथंच आहे.

दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांची गरज नव्हती, डोंगर स्वतःला तोलून धरतोच. मग त्या कशासाठी? तर त्या काळी मोठी सभागृहं लाकडाचीच बांधली जात. तीच रीत कारागिरांच्या हातात होती आणि तेच रूप लोकांच्या डोळ्यांत होतं. म्हणून दगडात कोरतानाही त्यांनी लाकडाचंच घर कोरलं. कार्ल्याजवळच भाज्याचं लेणं आहे, ते याहून जुनं. तिथले दगडी खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. वास्तविक दगडात कोरलेला खांब कलता ठेवण्याचं काही कारण नाही. पण लाकडी मांडवाचे खांब छताचा बाहेर रेटणारा जोर सोसण्यासाठी आत कलते रोवतात, म्हणून दगडातही ते तसेच कोरले गेले. भाज्याच्या लाकडी फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली आहेत. कार्ल्याच्या एका लेखात, धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वेणुवासपुत्र सुतारानं दर्शनी दरवाजा केल्याचं नोंदलेलं आहे. त्या लेखात त्याला 'वढकी' म्हटलं आहे. वढकी म्हणजे सुतार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सार्वजनिक इमारतीवर एका सुताराचं, त्याच्या बापाच्या नावासकट नाव कोरलेलं आहे, याचं मला सुताराचा मुलगा म्हणून फार अप्रूप वाटतं.

आता कुणी विचारील, दोन हजार वर्षं लाकूड टिकलं कसं? वाळवी लागली नाही? सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसात कुजलं नाही? याचं उत्तर सोपं आहे. ते कोरडं राहिलं. वर डोंगराचं छप्पर, खाली जमिनीपासून उंच. त्याच लेण्यांच्या दर्शनी भागात बाहेरच्या बाजूला जे लाकूडकाम होतं, ते कधीच नाहीसं झालं. त्याच्या खुणा म्हणून फक्त दगडातली भोकं उरली आहेत. काळ एकच आणि गावही एकच, पण पावसात राहिलेलं लाकूड गेलं आणि छपराखालचं उरलं. लाकडाच्या बांधकामाचं निम्मं शास्त्र एवढ्यातच आलं.

आमच्या वडिलांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावं लागलं नाही. करंज्याच्या किनाऱ्यावर होडी बांधताना ते पाहायचे. फळ्या सागाच्या. पण आतल्या फासळ्यांसाठी मुद्दाम वाकड्या वाढलेल्या झाडाचं लाकूड शोधायचं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर त्याचे तंतू तुटतात. झाडच वाकडं वाढलं असेल तर तंतू वळणाबरोबर वळतात आणि लाट आपटली तरी फासळी तुटत नाही. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. पावसाळ्याआधी होडी ओढून वर घ्यायची, शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायची. वाकस, रंधा, पटाशी, करवत, गिरमिट आणि गुण्या एवढ्या हत्यारांवर आमचं घर चाललं.

आणि हे ज्ञान काही फक्त कोळ्यांच्या होड्यांपुरतं नव्हतं. खाडी ओलांडली की मुंबई. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्यानं मलबारच्या सागातून इंग्रजांच्या आरमारासाठी जहाजं बांधली. १८१० सालची 'मिंडेन', १८१३ सालची 'कॉर्नवॉलिस' ही त्यांतली प्रसिद्ध नावं. पहिलं अफूचं युद्ध संपवणारा नानकिंगचा तह १८४२ साली याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला. १८१७ साली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथं पाहायला मिळते. दोनशे वर्षं उलटून गेली. जे लाकूड समुद्रात एवढं टिकतं, त्याच्यावर जमिनीवर विश्वास ठेवायला आपण का घाबरतो?

घाबरण्याची कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. त्यातलं एक कारण तर मी स्वतः आहे. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

१९८८ सालची गोष्ट. मी तेव्हा तरुण होतो, एका सल्लागाराकडे नोकरी करत होतो. आमच्या भागातल्याच एका शाळेला सभागृह बांधायचं होतं. पैसा गावानं गोळा केलेला. मी मोठ्या उत्साहानं आराखडा केला. चिऱ्याच्या भिंती, वर सागाच्या कैच्या आणि मंगलोरी कौलं. कागदावर सगळं बिनचूक होतं. भार मोजला होता, वारा मोजला होता, प्रत्येक सांध्याचे बोल्ट मोजले होते. स्नेहसंमेलनाची तारीख ठरलेली होती आणि संस्थेला घाई होती. लाकूड आलं. वडील सहज बघायला आले होते. त्यांनी एका तुळईवर हात फिरवला, बोटानं टकटक केली, कापलेल्या टोकाचा वास घेतला आणि म्हणाले, "लाकूर आजून ओला हाय, बाला. सुकू दे."

मी त्यांना म्हणालो, "बाबा, एवढा वेळ नाही. आणि हे काही होडीचं काम नाही, याचं गणित केलेलं आहे."

ते काही बोलले नाहीत.

पुढचा उन्हाळा आला. लाकूड सुकायला लागलं. सुकताना लाकूड आखडतं. लांबीत फारसं नाही, पण जाडी-रुंदीत चांगलंच. बोल्ट सैल झाले. खालच्या तुळयांना टोकाशी चिरा गेल्या. सांधे उघडले. छप्पर मधोमध वीतभर बसलं आणि एका सकाळी शिपायाला फरशीवर कौलाचे तुकडे पडलेले दिसले. शाळेला सुट्टी होती, कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. सभागृह बंद झालं. लाकूड उतरवून लोखंडी अँगलच्या कैच्या चढवल्या. त्या खर्चासाठी गावाला दुसऱ्यांदा वर्गणी काढावी लागली.

गावात सगळे म्हणाले, लाकूड टिकत नाही. माझ्या चुकीचा दोष लाकडावर गेला आणि मी तो जाऊ दिला. बाबांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी मत दिलं नाही, हेही खरं.

पुढची हकिगत ऐका. खाऱ्या वाऱ्यानं त्या लोखंडी कैच्या दहा-बारा वर्षांत गंजून पातळ झाल्या. मग त्यावर सिमेंट काँक्रीटची स्लॅब घातली. आता त्या स्लॅबचे पापुद्रे पडतात, आतल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरतं, सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. अगदी दर्जेदार काम, पुरेसं आच्छादन आणि वेळच्या वेळी देखभाल असेल तर हे टाळता येतं. पण सार्वजनिक इमारतीच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कितीदा येतात, हे आपण सगळे जाणतो. एकाच सभागृहाला पस्तीस-चाळीस वर्षांत तीन छपरं. मिठाचं लाकडाला फारसं वाकडं नसतं. थंड देशांत रस्त्यावर टाकण्याचं मीठ साठवायला मुद्दाम लाकडी कोठारं बांधतात, ती याचसाठी. काळजी घ्यायची ती सांध्यातल्या खिळ्या-बोल्टांची.

श्रोतेहो, जगात मात्र लाकूड पुन्हा मोठ्या इमारतींकडे वळलं आहे. पण हे लाकूड आपल्या ओळखीच्या अखंड ओंडक्याचं नाही. १९०६ साली जर्मनीतल्या वायमारच्या ऑटो हेत्झर नावाच्या सुतारानं एक पेटंट घेतलं. लाकडाच्या पातळ फळ्या एकाच दिशेनं एकावर एक रचून, गोंदानं चिकटवून त्याची वाटेल तेवढी लांब आणि हवी तशी वाकलेली तुळई करायची. याला चिकटवलेली थरांची तुळई म्हणू या, इंजिनियर लोक 'ग्लुलॅम' म्हणतात. पुढे १९९०च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत दुसरी युक्ती निघाली. फळ्यांचा एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. आपल्या प्लायवुडसारखंच, पण पातळ पापुद्र्यांऐवजी जाड फळ्यांचं. त्यातून सबंध भिंत किंवा सबंध मजल्याची लादी तयार होते.

यात फायदा काय? पहिला फायदा असा की, मोठ्या तुळईसाठी मोठं झाड लागत नाही. मध्यम जाडीच्या, लागवडीच्या झाडांच्या फळ्या चालतात. दुसरा, गाठी आणि दोष एका जागी न राहता विखुरतात, त्यामुळे लाकडाच्या ताकदीचा भरवसा वाढतो. आणि तिसरा फायदा ऐकताना मला दरवेळी बाबांची आठवण येते. पातळ फळी आधी भट्टीत नीट सुकवूनच चिकटवतात. ओलं लाकूड चालतच नाही, गोंदच धरत नाही. बाबा जे टकटक करून सांगत होते, ते या कारखान्यात यंत्र मोजतं.

वाकड्या झाडाची फासळी शोधत रानात हिंडण्याचं कामही या पद्धतीत तंतू न तोडता होतं. पातळ फळ्या वाकवून चिकटवल्या की तंतू वळणाबरोबर वळतात. कार्ल्याची कमान आणि आमच्या होडीची फासळी यांचीच ही पुढची पायरी.

नॉर्वेत ब्रुमुंडाल गावी २०१९ साली अठरा मजल्यांची, ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली. अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ साली पंचवीस मजल्यांची झाली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे आहेत. उंचीच्या या शर्यतीत मला फार रस नाही. मला जास्त मोलाची वाटते ती अमेरिकेतल्या पोर्टलंड विमानतळाची इमारत. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिथं प्रवाशांसाठी खुल्या झालेल्या मुख्य दालनावर नऊ एकरांचं लाकडी छप्पर आहे आणि त्याचं लाकूड त्याच भागातल्या जंगलांतून आणलेलं आहे. जपानमध्ये ओसाकाला २०२५ साली जागतिक प्रदर्शन भरलं, तिथं सुमारे दोन किलोमीटर परिघाचं लाकडी वर्तुळ उभारलं होतं. देवळांच्या जुन्या पद्धतीचे, खांबातून आरपार जाणाऱ्या आडव्या तुळयांचे सांधे त्यात नव्या लाकडासाठी वापरले. जुना सुतार आणि नवा इंजिनियर एकत्र आले की काय होतं, याचा तो नमुना.

आमच्या पनवेल-उलव्याच्या भूमीवर नवी मुंबईचा विमानतळ झाला, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. कमळाच्या कल्पनेवरचं ते भव्य काम पोलाद आणि काँक्रीटचं आहे. ते पाहताना माझ्या मनात आलं, याच परिसरातल्या सुतारांनी एकेकाळी समुद्रात जाणाऱ्या लाकडी कमानी बांधल्या. त्यांच्या हातचं एखादं तरी छप्पर या नव्या शहरात कुठं दिसेल का?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप आगीचा. पुणेकरांना तो सांगायलाच नको. १८२८ साली शनिवारवाडा जळाला आणि दगडी जोती, तट तेवढे उरले. १८७९ साली बुधवार वाडा जळाला, त्याच सुमारास विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. मग लाकडाची इमारत सुरक्षित कशी? बारीक वासे, पातळ फळ्या, कोरीव जाळ्या झटकन पेटतात, हे खरंच. पण जाड तुळई वेगळ्या रीतीनं जळते. बाहेर कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्या वेगानं आग आत सरकते. म्हणजे अर्ध्या तासात दीड ते सव्वादोन सेंटिमीटर. तेवढं लाकूड जाईल असं धरून तुळई आधीच जाड ठेवायची. उघडं पोलाद साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना आपली निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं. अर्थात, यामुळे पाण्याचे फवारे, सुटकेचे जिने आणि विजेची नीट तारजोडणी यांतून सुटका नाही. जुने वाडे जळाले तेव्हा यांतलं काहीच नव्हतं.

दुसरा आक्षेप आपल्या दमट हवेचा, आणि हा मला आगीपेक्षा गंभीर वाटतो. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात २०२३ साली 'गाया' नावाची फार मोठी लाकडी इमारत उघडली. काही काळातच तिच्या लाकडावर ठिकठिकाणी बुरशी दिसल्याच्या बातम्या आल्या. सिंगापूरची हवा आणि आपल्या कोकणाची पावसाळी हवा यांत फार अंतर नाही. म्हणून नॉर्वेचा नमुना उचलून उरणला ठेवणं हा शहाणपणा नाही. भारतीय मानकांमध्ये लाकडातल्या ओलाव्यासाठी देशाचे हवामानानुसार चार विभाग केलेले आहेत, ते उगाच नाहीत. आणि आपल्याकडे उत्तरंही आहेत. वाड्याचा लाकडी खांब थेट जमिनीत कधी रोवत नसत, खाली दगडी तळखडा असे. जोतं उंच. वळचण लांब, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. छपराखाली वारा खेळता. वाळवी आणि ओल दोन्ही इथंच निम्म्या हरतात. उरलेलं काम औषध दिलेल्या लाकडानं आणि दरवर्षीच्या पाहणीनं करायचं. होडी दरवर्षी वर काढून पाहतात, तसं.

तिसरा आक्षेप जंगलाचा. इमारतीसाठी झाडं तोडायची? या भीतीपोटीच १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली. ती तब्बल सत्तावीस वर्षं राहिली आणि २०२० साली उठली. हेतू चांगला होता. पण त्या काळात इंजिनियरांची एक अख्खी पिढी लाकडाला हात न लावता निवृत्त झाली. महाविद्यालयांत लाकडाचा धडा परीक्षेपुरता उरला. तेवढ्या काळात दारं-खिडक्या लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या झाल्या, आणि त्यासाठी खाणी खणल्या गेल्याच.

हिशोब असा आहे. सागाचं एक घनमीटर लाकूड साधारण साडेसहाशे किलो भरतं. त्यातलं निम्मं वजन कार्बनचं. तो कार्बन झाडानं हवेतून घेतलेला असतो, म्हणजे हवेतला एक टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड त्या लाकडात अडकलेला असतो. इमारत उभी आहे तोवर तो तिथंच राहतो. उलट जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून बाहेर पडतो. पण या हिशोबाला एक अट आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लागलं आणि वाढलं पाहिजे. नैसर्गिक जंगल तोडून केलेली लाकडी इमारत ही पर्यावरणाची सेवा नव्हे, तो पर्यावरणाचा तोटाच आहे. म्हणून लाकूड लागवडीचंच हवं. उत्तरेत शेताच्या बांधावरच्या पॉप्लरवर यमुनानगरचा प्लायवुडचा एवढा मोठा धंदा उभा राहिला. आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर नीलगिरी, सुरू, बांबू, साग आहे. त्याला सरपणाऐवजी तुळईचा भाव मिळाला तर तो ते झाड सांभाळील.

आपल्या विदर्भाचा साग तर देशात नावाजलेला. २०२३ साली खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला आणि त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून. म्हणजे मोठ्या सार्वजनिक वास्तूला लाकूड हवं असतं, हे आपण अजून विसरलेलो नाही. फक्त आपण त्याला दारापुरतं, सजावटीपुरतं ठेवलं आहे, भार उचलायला बोलावत नाही.

मुंबईत गिरगाव, भुलेश्वरकडच्या जुन्या चाळी पाडतात तेव्हा एक गोष्ट बघण्यासारखी असते. भिंतींचा राबिट होतो, तो डंपरमधून जातो. पण बर्मा सागाचे खांब आणि तुळया कामगार जपून उतरवतात. त्यांचा वेगळा बाजार आहे, त्यांना चांगला भाव येतो. शंभर वर्षं चार मजल्यांचा संसार डोक्यावर घेऊनही ते लाकूड पुन्हा विकलं जातं, पुन्हा कापलं जातं, नव्या घरात टेबल होऊन येतं.

आता शेवटचं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड अडचण लाकडाची नाही, माणसांची आहे. करंज्याच्या किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. त्या हलक्या, देखभाल कमी. मच्छीमारानं त्या घेतल्या तर त्याला दोष देता येणार नाही. पण लाकडी होडी बांधणारे हात कमी होत चालले. ज्याला लाकडाच्या वासावरून ओल कळते, असा माणूस पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आमच्याकडे उरेल की नाही, मला शंका आहे. कारखान्यातली तुळई विकत आणता येते, पण ती उभी करताना, सांधा बसवताना, पावसाळ्याआधी झाकताना लाकूड ओळखणारा माणूस जागेवर लागतोच.

मागच्या वर्षी गावातली काही तरुण मंडळी माझ्याकडे आली. मासळी सुकवायला आणि निवडायला बायका उन्हात बसतात, त्यांच्यासाठी मोठी शेड करायची आहे म्हणाली. लोखंडी पत्र्याची करू का, असं विचारत होती. मी त्यांना जुन्या सभागृहाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सगळी, माझ्या चुकीसकट. मग म्हटलं, छोटंसं लाकडी छप्पर करून बघू या. चार-सहा कमानी, चिकटवलेल्या थरांच्या, औषध दिलेल्या. खाली दगडी तळखडे, वळचण लांब, बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे. खर्च पत्र्यापेक्षा जास्त येईल, हेही आधीच सांगितलं. आणि एक अट घातली. गावात होड्या बांधणारे जे दोन-तीन म्हातारे सुतार उरले आहेत, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं. त्यांनी लाकूड परत पाठवा म्हटलं, तर परत पाठवायचं. त्या वेळी माझं गणित मधे आणायचं नाही.

मंडळी अजून पैशांची जुळवाजुळव करताहेत. होईल की नाही, सांगता येत नाही. शेड झाली तर ती काही विमानतळ नसेल. पण सरकारी इमारतींत, शाळांत, बाजारांत लाकूड परत आणायचं असेल तर सुरुवात अशाच छपरांपासून करावी, असं मला वाटतं. एक छप्पर दहा पावसाळे नीट उभं राहिलं, की लोकांचा विश्वास बसतो. आणि एक छप्पर घाईनं केलं, की तो विश्वास तीस-पस्तीस वर्षं परत येत नाही. हे मी अनुभवानं सांगतो.

यंदाच्या चैत्रात तुम्ही कार्ल्याला गेलात, तर एकवीरेचं दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. दोन मिनिटं लेण्यात जा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर बघा. नातवंडं बरोबर असतील तर त्यांनाही दाखवा.